पडद्याआडचा धीटपणा



सोलापूर जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १ ऑगस्ट २००४ रोजी. त्याच वर्षी जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आपले नाव कळत नाही, उत्तर तत्काळ ऐकावे लागत नाही. म्हणून एरवी सभ्य असणारा माणूसही संगणकावर बेबंद होतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

हे खरे आहे. परंतु अपुरे आहे. महाविद्यालयातील व्हॉट्सॲप समूहात सारेच एकमेकांना ओळखतात. तेथे छळणाऱ्याला धीर येतो तो हसणाऱ्यांमुळे. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषा नांदवणारे हे शहर. अक्कलकोटकडच्या विद्यार्थ्याच्या बोलण्यातील कानडी हेलावर पूर्वीही वर्गात हशा पिकत असे. तो वर्गाच्या दाराशी संपे. आता त्याचे ध्वनिमुद्रण होते आणि मध्यरात्री ते त्याच्याच उशाशी वाजते. कोठे नकार पचत नाही म्हणून मुलीच्या नावाने खोटे खाते उघडले जाते. कोठे स्वतः सोसलेल्या रॅगिंगचे उट्टे धाकट्यांवर काढले जाते. आणि घरातील वडीलधारी मंडळी तरी कौटुंबिक समूहावर कोणाची टर उडवणारी चित्रे पुढे धाडताना कचरतात काय? शेजारी बसलेला मुलगा ते पाहतच असतो.

'गंमत केली' हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. शिवाय दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. कनिष्ठांना छळणारे व्हॉट्सॲप समूह हेही रॅगिंगच, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. भारतीय न्याय संहितेचे ७८ वे कलम स्त्रीचा इंटरनेटवरून केलेला पाठलागही गुन्हा मानते.

तरीही मुली घरी सांगत नाहीत. सांगितले की पहिली शिक्षा त्यांनाच होते. फोन काढून घेतला जातो, कधी शिक्षणही थांबते. वडील रागाच्या भरात सारे संदेश पुसून टाकतात आणि पुरावाच नाहीसा होतो. ते संदेश तसेच जपावेत, पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि मुलीला सोबत घेऊन प्राचार्यांकडे जावे. १८००-१८०-५५२२ या रॅगिंगविरोधी क्रमांकावर तक्रार करताना नाव गुप्त ठेवता येते.