समुद्री कासवांची शुश्रूषा

देवळाच्या सभामंडपात शिरताना आपली दृष्टी जमिनीत बसवलेल्या दगडी कासवाकडे जाते. इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला गीतेने कासवाची उपमा दिली आहे. ती आपल्या मनात इतकी रुजली आहे की, संकट आले की कोणतेही कासव मान व पाय आत घेऊन निर्धास्त बसते, असे आपण धरून चालतो. समुद्रातल्या कासवाला मात्र ही विद्या साध्य नाही. त्याचे पाय वल्ह्यांसारखे लांब व चपटे असतात आणि ते कवचात ओढून घेता येत नाहीत. जे पाय त्याला दूरदूरच्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचवतात, तेच जाळ्यात प्रथम अडकतात.

समुद्रात हरवलेली किंवा टाकून दिलेली नायलॉनची जाळी कुजत नाहीत. ती वर्षानुवर्षे तरंगत राहतात. कासवाला श्वासासाठी पाण्यावर यावेच लागते. जाळ्यात गुरफटलेले कासव वर येऊ शकले नाही, तर ते गुदमरून मरते. जिवंत राहिले, तरी दोरा मांसात रुततो, रक्त पोहोचत नाही आणि पाय सडू लागतो. पावसाळ्यात वारे समुद्रावरून जमिनीकडे वाहू लागले म्हणजे अशी जखमी कासवे आपल्या पश्चिम किनाऱ्याला येऊन लागतात.

पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे अशा कासवांसाठी उपचार केंद्र उभे राहिले आहे. महाराष्ट्राचा वनविभाग आणि ‘वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही स्वयंसेवी संस्था यांचे हे काम. तेथे जखमा धुतल्या जातात, औषधे दिली जातात, आणि सडलेला पाय वाचण्याजोगा नसेल तर तो कापावाही लागतो. काही कासवांच्या अंगात हवा साठते. मग त्यांना बुडी मारता येत नाही, आणि बुडी नाही म्हणजे भक्ष्यही नाही. असे कासव बरे व्हावयाला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर त्याला मासळी हवी, स्वच्छ खारे पाणी हवे, आणि रोज त्याच्याकडे पाहणारे माणूस हवे.

कोणी विचारील, एकेका कासवासाठी एवढा खटाटोप कशाला? अंडी जपली म्हणजे पुरे नाही का? अंडी जपलीच पाहिजेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली ते काम हाती घेतले आणि कोकणातील अनेक गावांनी त्याचा कित्ता गिरवला. परंतु एका घरट्यातील शंभर-सव्वाशे अंड्यांतून निघालेल्या पिलांपैकी फारच थोडी मोठी होतात; हजारात एखादे, असा अंदाज सांगितला जातो. वयात यावयालाही दहा-बारा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून किनाऱ्याला लागलेली एक प्रौढ मादी वाचवणे म्हणजे पुढील कित्येक वर्षांची घरटी वाचवणे होय.

या कामाचे क्षेत्र एका प्रांतापुरते नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ओडिशातील गहिरमाथा येथे मार्च २०२१ मध्ये एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला खुणेचा बिल्ला लावण्यात आला. त्यावरील क्रमांक होता ०३२३३. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिमेकडेही येतात, याचा हा प्रत्यक्ष पुरावा. जे जाळे एका राज्याच्या पाण्यात सुटते, ते दुसऱ्या राज्याच्या कासवाचा घात करू शकते.

यात कोळी बांधवांना दोष देऊन भागणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवांना संरक्षण दिले आहे. पण भर समुद्रात कासव सोडविण्यासाठी जाळे कापले, तर नुकसान त्या गरीब माणसाचेच होते. हे ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अशा मच्छीमारांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना केली. जाळे कापणारा तो हात हाच कासवाचा पहिला वैद्य आहे. तो आखडला, तर किनाऱ्यावरचे केंद्र काय करणार?

आपल्याकडूनही काही अपेक्षा आहे. किनाऱ्याला लागलेले कासव दिसले की भाविक मंडळी हळदकुंकू वाहतात, किंवा दयाबुद्धीने त्याला पुन्हा पाण्यात ढकलतात. ज्याला पोहता येत नाही म्हणून ते काठाला आले, त्याला समुद्रात लोटणे ही दया नव्हे. त्याला सावली करावी, गर्दी हटवावी, नाकपुड्या मोकळ्या ठेवून पाठीवर ओले फडके घालावे आणि वनविभागास तत्काळ कळवावे. ज्यांना द्रव्यसाहाय्य करणे शक्य आहे, त्यांनी ते अशा केंद्रांना नियमाने करावे. कासव समुद्रात सोडण्याच्या दिवशी टाळ्या वाजवावयाला माणसे जमतात. हौदातले पाणी बदलण्याच्या दिवशी कोणी येत नाही. कासव जगते ते त्या दुसऱ्या दिवसांच्या बळावर. आपले साहाय्य पोहोचावयाला हवे ते त्याच दिवशी.