नभोवाणी आणि मतभेद : हिल्डा मॅथेसन यांचे कार्य



नभोवाणीवरून काय बोलले जावे हे सत्ताधाऱ्यांनी ठरवावयाचे की समाजाने, हा प्रश्न आणीबाणीच्या काळात भारतात सर्वांनाच जाणवला. परंतु तो जुना आहे. ज्या थोड्या व्यक्तींनी आपली अधिकाराची जागा पणाला लावून तो धसास लावण्याचा प्रयत्न केला, त्यांत एक इंग्रज स्त्री होती. हिल्डा मॅथेसन हे तिचे नाव.

मॅथेसनबाईंचा जन्म १८८८ साली एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ऑक्सफर्डला त्यांनी इतिहासाचा अभ्यास केला, त्या काळी ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धात त्यांनी गुप्तवार्ता खात्यात काम केले. पुढे कॉमन्स सभेत बसणाऱ्या पहिल्या स्त्री सभासद, हुजूर पक्षाच्या नॅन्सी ॲस्टर यांच्या त्या राजकीय चिटणीस झाल्या. तेथेच बी.बी.सी.चे प्रमुख जॉन रीथ यांची दृष्टी त्यांच्यावर गेली. १९२६ साली त्या बी.बी.सी.त आल्या आणि १९२७ साली भाषण विभागाच्या संचालक झाल्या. त्या समाजवादी नव्हत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांचा आग्रह एवढाच होता की, नागरिकाला सर्व बाजू ऐकावयास मिळाल्या पाहिजेत.

हा आग्रह त्या वेळी साधा नव्हता. देशात नभोवाणी एकच, तिचा परवाना दहा शिलिंगांचा, आणि वादग्रस्त विषयांवर बोलण्यास सरकारची मनाई. राजकारण, धर्म, मालक-मजुरांचे तंटे हे सारे वर्ज्य. १९२८ च्या मार्चमध्ये ही मनाई उठली आणि मॅथेसनबाईंनी त्या संधीचा पुरेपूर उपयोग केला. शॉ, वेल्स, केन्स यांच्यासारखे वक्ते नभोवाणीवर आले. मंदीच्या ऐन भरात, जानेवारी १९३१ मध्ये, काटकसरीने बेकारी वाढते, म्हणून गृहिणींनी बाजारात जाऊन खरेदी करावी, असे केन्स यांनी याच नभोवाणीवरून सांगितले. सरकारी अर्थशास्त्राच्या नेमके विरुद्ध असे हे मत घरोघर पोहोचले.

बोलण्याची रीतही त्यांनी बदलली. व्यासपीठावरचे वक्तृत्व किंवा वाचून दाखविलेला निबंध घरात बसलेल्या श्रोत्याला परका वाटतो, हे त्यांनी ओळखले. श्रोते लाखो असले तरी प्रत्येकजण एकटा किंवा कुटुंबात बसून ऐकतो, तेव्हा समोरच्या एका माणसाशी बोलावे तसे बोलावयाचे. मोठमोठ्या विद्वानांची हस्तलिखिते त्या पुन्हा लिहवून घेत व तालीम करवीत. सामान्य माणसाला विचार कळत नाही असे न मानता विचार सांगण्याची भाषा सुधारणे, ही त्यामागची लोकशाही दृष्टी होती.

१९२८ साली ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. नव्या मतदार स्त्रियांना पार्लमेंटचे कामकाज समजावे म्हणून मॅथेसनबाईंनी १९२९ साली साप्ताहिक वृत्तान्त सुरू केला आणि तो सांगण्याचे काम स्त्री सभासदांवर सोपविले. मताधिकार कायद्याने मिळतो, पण तो वापरण्यासाठी माहिती लागते, हे त्यांना पक्के कळले होते.

विरोध वाढत गेला. भाषण विभाग डावीकडे झुकला आहे असा हुजूर गोटातून गिल्ला झाला. रीथ यांना आधुनिक साहित्य व नवे विचार मानवत नव्हते. १९३१ साली हॅरॉल्ड निकोलसन यांच्या साहित्यविषयक व्याख्यानमालेत जेम्स जॉइस यांच्या बंदी असलेल्या कादंबरीचे नावसुद्धा घेऊ नये, इथपर्यंत मजल गेली. विभागाची स्वायत्तता आकुंचित होत आहे हे पाहून मॅथेसनबाईंनी राजीनामा दिला. १९३३ साली त्यांनी ध्वनिक्षेपणावर ग्रंथ लिहिला.

त्यांचे पुढील आयुष्य मात्र साम्राज्याच्या चाकोरीत गेले. पंजाब व संयुक्त प्रांताचे माजी गव्हर्नर लॉर्ड हेली यांच्या आफ्रिकाविषयक पाहणीचा मोठा भार त्यांनी उचलला. १९३९ साली तटस्थ राष्ट्रांत ब्रिटनचा प्रचार करणाऱ्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या त्या प्रमुख झाल्या. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये, शस्त्रक्रियेच्या वेळी, बावन्नाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. मुक्त चर्चेची कैवारी स्त्री अखेर प्रचाराकडे वळली, ही विसंगती झाकण्याचे कारण नाही.

त्यांच्याच विभागातील सहकारी लायोनेल फील्डेन १९३५ साली भारतात आले आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. बी.बी.सी.ची रीत आली, मतभेदांना वाव मात्र आला नाही. नभोवाणी सरकारी खात्यातच राहिली आणि स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली. १९६६ साली चंदा समितीने आणि १९७८ साली वर्गीज समितीने स्वायत्ततेची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला व १९९७ साली अंमलात आला. खासगी केंद्रे २००१ पासून सुरू झाली, पण स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना मिळाली नाही.

मॅथेसनबाईंचा अनुभव असे सांगतो की, स्वायत्तता केवळ कायद्याच्या कलमाने येत नाही. बी.बी.सी. कागदोपत्री स्वायत्त असतानाच त्यांना बाहेर पडावे लागले. अप्रिय मत ऐकून घेण्याची श्रोत्यांची तयारी आणि ते ऐकविणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची समाजाची हिंमत, या दोहोंवाचून नभोवाणी स्वतंत्र होत नाही. ही तयारी लोकांत निर्माण करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.