चित्रसंकलनाची साधने आणि त्यांची सोय



आजचा विषय प्रथमदर्शनी चार कारागिरांपुरता वाटेल. व्हिडिओचे संकलन, ट्रिकसीन, रंगांची दुरुस्ती आणि ध्वनी ही सारी कामे आता एकाच सॉफ्टवेअरमध्ये करता येतात. ती सोयीने करता येतात काय, एवढाच माझा प्रश्न आहे. पण तो आपणा सर्वांचा आहे. लग्नसमारंभाची, शाळेच्या संमेलनाची, गावच्या जत्रेची चित्रफीत आज घरोघर पाहिली जाते, आणि ती तयार करणारा बहुधा एकटाच असतो.

एकाच साधनात अनेक कामे ही कल्पना मात्र नवी नव्हे. १८९५ साली लूमिएर बंधूंनी फ्रान्समध्ये जी पेटी लोकांपुढे आणली, तीच चित्रण करी, तीच फिल्मची प्रत काढी आणि तीच पडद्यावर चित्र दाखवी. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तिची करामत दाखविली गेली. तीन कामे एका पेटीत नांदली, कारण तिन्हींच्या मुळाशी क्रिया एकच होती : फिल्म क्षणभर थांबवायची आणि पुढे सरकवायची. आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा पाहा. मोहरी, जिरे, हळद, हिंग एका झाकणाखाली असतात, कारण फोडणीच्या वेळी सगळे हाताशी लागते. त्याच डब्यात कोणी किसणी ठेवीत नाही. एकत्र ठेवण्याचा खरा नियम हाच, की ज्यांचे काम एका लयीत चालते ती साधने एकत्र ठेवावीत.

आता हा नियम संकलनाला लावून पाहू. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. तीन सेकंदांच्या दृश्यात ७२. संकलक विचारतो, हे दृश्य तीन सेकंद राहावे की दोन? त्यानंतर कोणते यावे? त्याची नजर काळाच्या ओघावर असते. ट्रिकसीन करणारा त्याच ७२ चित्रांतले एकेक तपासतो. मागचा हिरवा पडदा काढल्यावर केसांची कड नीट राहिली का, सावली योग्य बाजूला पडली का, हे तो पाहतो. एक लांबीचा विचार करतो, दुसरा खोलीचा. माल एक, पण विचार दोन.

म्हणूनच ही साधने प्रथम वेगवेगळी जन्मली. संकलनाचे ‘प्रीमियर’ १९९१ चे, तर इफेक्ट्सचे ‘आफ्टर इफेक्ट्स’ १९९३ चे. दृश्य एकीकडून काढायचे, दुसरीकडे न्यायचे, परत आणायचे. आणि ग्राहकाने एक बदल सुचविला की पुन्हा सारी यात्रा! हा त्रास वाचावा म्हणून एकत्रीकरण झाले. ‘दा विंची’ हे मूळचे रंगदुरुस्तीचे यंत्र. ऑस्ट्रेलियाच्या ‘ब्लॅकमॅजिक डिझाइन’ने २००९ मध्ये ती कंपनी घेतली. पुढे २०१४ मध्ये ‘फ्यूजन’ हे इफेक्ट्सचे आणि २०१६ मध्ये ‘फेअरलाइट’ हे ध्वनीचे साधन घेतले. २०१८ च्या आवृत्तीत फ्यूजन ‘रिझॉल्व्ह’च्या आत आले. आज या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती विनामूल्य मिळते. पूर्वी जे केवळ मोठ्या स्टुडिओंना परवडे, ते तालुक्याच्या तरुणाच्या हाती आले. हा उपकार लहान नव्हे.

तथापि, एका घरात राहायला आले म्हणून बिऱ्हाडे एक होत नाहीत. एक उदाहरण देतो. संकलनाच्या पानावर तुम्ही चित्र मोठे केलेत आणि मग फ्यूजनच्या पानावर गेलात, तर तेथे ते मूळ आकारातच दिसते. नवशिक्याला वाटते, आपले काम पुसले गेले. वास्तविक काही बिघडलेले नसते. यंत्राच्या हिशेबात फ्यूजनचे संस्कार आधी होतात, आकार नंतर बदलतो आणि रंग त्याच्याही मागून येतो. परंतु हा क्रम पडद्यावर ठळक लिहिलेला नसतो. तो ठेचा खाऊन शिकावा लागतो.

येथे कोणी म्हणेल, विद्या कष्टावाचून येते काय? येत नाही, हे मला मान्य आहे. पण कष्ट दोन जातींचे असतात. दृश्य कोठे तोडावे हे कळण्याचे कष्ट कलेचे आहेत. ते माणसाला वाढवितात. आपण मोठे केलेले चित्र कोठे गेले, हे शोधण्याचे कष्ट साधनाचे आहेत; ते माणसाला नुसते थकवितात. चांगले साधन पहिले कष्ट ठेवते आणि दुसरे काढून घेते. साधनाच्या सोयीविषयी जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्यातही हेच विचारले आहे : ठरावीक माणसाला, ठरावीक हेतूसाठी, ठरावीक परिस्थितीत काम नीट साधते का, श्रम किती पडतात आणि त्याला समाधान मिळते का? त्यात आज्ञा किती आहेत याची मोजदाद नाही. नाहीतर, एक ना धड, भाराभर चिंध्या!

निर्मात्यांना हे उमगत नाही असेही नव्हे. २०१९ मध्ये रिझॉल्व्हमध्ये ‘कट’ नावाचे एक नवे पान आले. त्यात सबंध चित्रफितीची पट्टी वर आणि चालू जागेची मोठी पट्टी खाली, अशा दोन्ही एकदम दिसतात. सर्वच नव्हे, पण या क्षणी लागणारे तेवढे समोर ठेवण्याचा तो प्रयत्न आहे. दिशा बरोबर आहे.

ज्यांना असे साधन निवडायचे आहे, त्यांना मी एक कसोटी सुचवितो. जाहिरातीतील वैशिष्ट्ये मोजू नका. आपलेच तीन मिनिटांचे काम शेवटपर्यंत पुरे करा. मग अगदी सुरुवातीच्या दृश्यात एक बदल करा. तो बदल करताना किती पाने उघडावी लागतात आणि मागचे किती काम मोडते, ते पाहा. साधनाची खरी ओळख पहिल्या दिवशी होत नाही, दुरुस्तीच्या दिवशी होते.

आणि जे काम सांगतात, त्या आपणा सर्वांना एक विनंती. सॉफ्टवेअर एक झाले म्हणून श्रम एक झाले नाहीत. पूर्वी संकलक, रंगकर्मी, ध्वनीकार आणि इफेक्ट्सवाला असे चौघे जे करीत, ते आता एकाला रात्र जागवून करावे लागते, आणि मोबदला मात्र आपण एकाचाच देतो. साधन छळते आणि मुदत हाकलते, तेव्हा तो थकून तयार साच्याकडे वळतो. तोच उडता गुलाब, तीच सोनेरी अक्षरे. मग साताऱ्याचे लग्न आणि सोलापूरचे लग्न यांत फरक उरत नाही, आणि आपल्या आजीचा चेहरा त्या झगमगाटात हरवतो. साधनाची सोय हा म्हणूनच केवळ यंत्राचा प्रश्न नाही. आपण स्वतःला कसे पाहणार, याचा तो प्रश्न आहे.