तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी भाषणासाठी विषय विचारला तेव्हा मी ‘देशमुख राष्ट्रपती झाले असते तर’ असे कळविले. त्यांचा लगेच प्रश्न आला, “कोण देशमुख?” प्रश्न रास्त होता. आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी उभा राहिला होता, हे आज आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? म्हणून तीच हकीगत सांगावी असे मी ठरविले.

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे म्हणून आपण जर-तर करणाऱ्याचे तोंड बंद करतो. पण हा मोह सुटतो कोणाला? १७६१ चे पानिपत आपण जिंकले असते तर, हा विचार मनात न आलेला मराठी माणूस विरळा. जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ते आपल्याला जिंकूनच दिले. अमेरिकेत तेथील अध्यक्षांच्या निवडणुकांवर अशीच पुस्तके निघतात. फिलिप रॉथ या लेखकाने २००४ साली एक कादंबरी लिहिली. तीत १९४० च्या निवडणुकीत रूझवेल्ट हरतात आणि लिंडबर्ग हा विमानवीर अध्यक्ष होतो, मग देशाचे व एका ज्यू कुटुंबाचे काय होते ते सांगितले आहे. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीवर असे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. वास्तविक १९६९ ची निवडणूक अशा लेखनासाठी अगदी तयार पडलेली आहे.

आपल्या पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे वळणारा रस्ता धरला की पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव करीत आपण महाडला पोचतो. महाडहून रायगडाच्या वाटेवर नाते हे गाव लागते. तेथे १४ जानेवारी १८९६ रोजी, ऐन संक्रांतीच्या सुमारास, चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. लहानपणचे शिक्षण रोहे आणि तळे येथे झाले. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला गेले, १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेतही पहिले आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. १९५० पासून नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री होते आणि १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. कुलाबा म्हणजे आपला आजचा रायगड जिल्हा. हे नाव १९८१ पासूनचे. रिझर्व्ह बँकेचा डोलारा सांभाळताना या गृहस्थांनी कालिदासाचे मेघदूतही मराठीत आणले, हे सांगावयाचे राहू नये.

अशा माणसाने जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्राच्या ताब्यात ठेवावयाचे, असे दिल्लीने ठरविले होते. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, माणसे मेली. देशमुखांनी लोकसभेत उभे राहून सांगितले की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला नीट विचारात न घेता जाहीर झाला. गोळीबाराची चौकशी झाली पाहिजे असेही ते म्हणाले. पंतप्रधानांच्या तोंडावर हे बोलणे त्या काळी सोपे नव्हते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला मुंबईसह झाले. आपण त्या दिवशी झेंडा लावतो तेव्हा ज्यांची नावे घेतो, त्यांत हे नाव फार मागे पडले आहे. मला तरी ते बरे वाटत नाही.

आता १९६९ कडे येते. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले. काँग्रेसच्या श्रेष्ठींनी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरविले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ते मनातून मान्य नव्हते. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहिले, आणि पुढे इंदिराबाईंनी खासदार-आमदारांना सांगितले की आपापल्या सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे मत द्या. त्या वाक्याचा अर्थ सर्वांना बरोबर कळला! तिसरीकडे स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी आपल्या चिंतामणरावांना उभे केले. एकूण उमेदवार पंधरा होते, पण झुंज या तिघांचीच.

राष्ट्रपतीला आपण मत देत नाही. खासदार व आमदार देतात. प्रत्येकाच्या मताला लोकसंख्येच्या हिशेबाने किंमत असते. १९६९ साली एका खासदाराचे मत ५७६ मतांचे धरले जाई. आज महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मत १७५ चे आहे. मत देणाऱ्याने एकाच नावावर फुली मारावयाची नसते, नावांपुढे १, २, ३ असा पसंतीचा क्रम लिहावयाचा असतो.

हे कशासाठी, ते आपल्या सहलीच्या उदाहरणाने सांगते. समजा, तीस जणींची सहल कोठे न्यावयाची यावर मते घेतली. तेरा जणी पालीला म्हणाल्या, अकरा अलिबागला, सहा रायगडला. आपल्या नेहमीच्या रीतीने पाली जिंकली. पण तीस जणींत पाली नको म्हणणाऱ्या सतरा निघाल्या, त्यांचे काय? आता क्रम लिहिला असता तर रायगडच्या सहा चिठ्ठ्या पुन्हा उघडून त्यांवरची दुसरी पसंती पाहिली असती. पाचींनी अलिबाग लिहिले असेल व एकीने पाली, तर अलिबाग सोळा, पाली चौदा. बस अलिबागला गेली असती, आणि रायगडवाल्या सहा जणींचे मतही फुकट गेले नसते.

अमेरिकेत २००० साली ही सोय नव्हती. तेथे २००० सालच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात बुश यांना गोर यांच्यापेक्षा अवघी ५३७ मते अधिक मिळाली, आणि तेवढ्यावर सबंध देशाचे अध्यक्षपद गेले. त्याच राज्यात नेडर नावाच्या तिसऱ्या उमेदवाराला सुमारे ९७ हजार मते होती. त्या लोकांना ‘तुमची दुसरी पसंती कोणती?’ असे कोणी विचारलेच नाही. तेथले लोक अजून त्यावर जर-तर करीत बसतात, ते साहजिक आहे.

आपल्याकडे विचारले जाते. १६ ऑगस्ट १९६९ ला मतदान झाले, २० ला मोजणी. पहिल्या पसंतीची मते अशी पडली : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकण्यास ४,१८,१६९ हवी होती. तेवढी कोणालाच नव्हती. म्हणून मागचे उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही बाद झाले, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरची पुढची पसंती पाहण्यात आली. बहुतेक मते रेड्डींकडे गेली. रेड्डी ९१,८७९ मतांनी वर चढले, गिरी फक्त १८,५६२ नी. अखेरचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. गिरी जिंकले. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी जाऊन निकाल लागला, असे त्या एकदाच घडले आहे.

फरक १४,६५० मतांचा. हा आकडा मोठा वाटतो, पण ५७६ ने भागून पाहा. गिरींकडे गेलेल्यांपैकी तेरा खासदारांनी आपला क्रम उलटा लिहिला असता, तर रेड्डी राष्ट्रपती झाले असते. तेरा माणसे! आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीएवढी. मग इंदिराबाईंची गादी टिकली असती का? नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली, त्या वेळी श्रेष्ठींचे पारडे जड राहिले असते का? माझ्या मते रेड्डी जिंकते तर त्या वर्षअखेरपर्यंत पंतप्रधान बदलण्याचा जोराचा प्रयत्न झाला असता. तो यशस्वी झालाच असता, असे मात्र मी म्हणणार नाही. बाई किती खंबीर होत्या ते पुढे सर्वांनी पाहिले. रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झालेच, तेव्हा त्यांच्यापुरते म्हणावयाचे तर आठ वर्षांचाच उशीर झाला.

पण माझा प्रश्न देशमुखांचा आहे. ते जिंकणे शक्यच नव्हते, आकडे समोर आहेत. खरे सांगावयाचे तर ज्यांनी त्यांना उभे केले त्यांनाही तशी आशा असेलसे वाटत नाही. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या पक्षांच्या पुढाऱ्यांना भेटून रेड्डींसाठी दुसरी पसंती मागत होते, हे तेव्हाच बाहेर आले होते. म्हणजे चिंतामणरावांचे नाव ही रेड्डींकडे जाणाऱ्या मतांची वाटेतली धर्मशाळा झाली. एवढ्या मोठ्या माणसाने असे उभे राहावयास नको होते, असे माझे मत आहे. त्यात आणखी एक गंमत. स्वतंत्र पक्ष हा सरकारी मालकीचा कडवा विरोधक. आणि १९ जानेवारी १९५६ ला आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतल्याचे आकाशवाणीवरून देशाला सांगणारे अर्थमंत्री हेच देशमुख! इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तीही १९५५ साली, त्यांच्याच कारकीर्दीत. इंदिराबाईंनी १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. त्या बाबतीत देशमुख आपल्या पाठीराख्यांपेक्षा विरोधकांना जवळचे ठरले असते की काय, कोण जाणे.

भाषणाची तयारी चालली असताना एका मैत्रिणीने मला विचारले, “देशमुख राष्ट्रपती असते तर त्यांनी आणीबाणीवर सही केली असती का?” प्रश्न चांगला आहे, पण तारखांत बसत नाही. १९६९ ला निवडून आलेल्या राष्ट्रपतीची मुदत ऑगस्ट १९७४ ला संपली. आणीबाणीच्या कागदावर २५ जून १९७५ च्या रात्री सही केली ती फक्रुद्दीन अली अहमद यांनी. देशमुखांपुढे आले असते ते वेगळे कागद. एक सप्टेंबर १९७० चा. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचे विधेयक राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने पडले. लगेच राष्ट्रपतींच्या हुकुमाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेण्यात आली. त्यावर गिरींनी सही केली, आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरविला.

मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे असे घटनेत स्पष्ट लिहिले गेले ते १९७६ साली. कागद एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा १९७८ च्या दुरुस्तीने आली. १९७० मध्ये घटनेत ही दोन्ही वाक्ये नव्हती. सर्वांना विचारले का, रीत पाळली का, एवढ्याच मुद्द्यावर ज्याने १९५६ साली अर्थखाते सोडले, त्याने तो हुकूम पुढे आल्यावर ‘संसदेत पडलेली गोष्ट मागच्या दाराने का आणता?’ असे विचारले असते, असे मला वाटते. कदाचित सही नंतर केलीही असती. पण विचारले असते. आणि १९५६ साली गप्प बसून त्यांनी खुर्ची राखली असती तर? मग कदाचित काँग्रेसनेच त्यांना कधी तरी राष्ट्रपती केले असते. मात्र हा प्रश्न विचारणारा माणूस आपल्याला मिळाला नसता.

आणखी एक जर-तर आहे, ते खास आपल्या बायकांचे. चिंतामणराव राष्ट्रपती झाले असते तर त्यांच्याबरोबर दुर्गाबाई राष्ट्रपतिभवनात राहावयास गेल्या असत्या. या मूळच्या राजमहेंद्रीच्या. घटनासमितीत ज्या पंधरा स्त्रिया होत्या, त्यांपैकी एक. जानेवारी १९५३ मध्ये दोघांचे लग्न झाले, आणि त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन होऊन दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. खेड्यापाड्यांतील महिला मंडळे, बालवाड्या, शिवणवर्ग यांना सरकारी मदत पोचविण्याची वाट त्या मंडळाने घालून दिली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी थोड्या अवधीचे अभ्यासक्रम १९५८ साली सुरू झाले, तेही त्या मंडळातर्फे. अशी बाई मेजवान्यांत पाहुण्यांच्या स्वागताला उभी राहिली असती, हे मला काही डोळ्यांसमोर आणता येत नाही. तिने तेथेही शिवणवर्ग काढला असता! महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील २००७ साली स्वतःच राष्ट्रपती झाल्या, द्रौपदी मुर्मू २०२२ साली झाल्या. १९६९ साली मात्र ‘राष्ट्रपतींची पत्नी’ यापलीकडे कोणाची कल्पना गेली नसती.

पुढे दोघेही हैदराबादेस राहिले. १९७५ साली दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. ज्यांच्या उमेदवाराविरुद्ध चिंतामणराव उभे होते त्याच इंदिराबाईंच्या सरकारने ते दिले, हेही नोंदून ठेवावयास हवे. दुर्गाबाई १९८१ साली गेल्या, चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ ला.

दोघांनीही आपापल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. त्यांचे ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’, आणि दुर्गाबाईंचे ‘चिंतामण अँड आय’. आपल्या वाचनालयात ही दोन्ही नाहीत. ती घ्यावीत अशी लेखी सूचना मी अध्यक्षबाईंकडे दिली आहे. इंग्रजी वाचणाऱ्या लेकी-सुना आता बहुतेक घरांत आहेत. त्यांच्यापैकी दोघींनी दर शनिवारी दुपारी एकेक प्रकरण वाचून मराठीत सांगावयाचे कबूल केले आहे. पहिल्या शनिवारी कोणते पुस्तक घ्यावयाचे, याच्या चिठ्ठ्या दारापाशी ठेवल्या आहेत. जाताना भरून टाका, आणि नावांपुढे फुली न मारता एक, दोन असे आकडे लिहा.