संगणकाचा ताप आणि पंख्याचा वेग

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय फलकावर वाचून काहींना हसू आले असेल. पंख्याच्या वेगावर काय व्याख्यान द्यायचे! परंतु आपल्यापैकी कितीतरी पालकांनी पै पै जमवून मुलांसाठी संगणक घेतला आहे, बहुतेकांनी जुना घेतला आहे, आणि नेमके एप्रिल-मे महिन्यांत, प्रवेशाचे अर्ज भरायच्या दिवसांत, तो मध्येच बंद पडतो. मग अब्बा म्हणतात, मुलाने खेळ खेळून बिघडवला. मुलगा म्हणतो, यंत्रच जुने होते. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला, नवा घाला. पुष्कळदा ह्या तिघांचेही म्हणणे चुकीचे असते आणि खर्च मात्र खरा होतो. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. पण शाळेच्या संगणक कक्षाचे काम माझ्याकडे असल्यामुळे ही गोष्ट जवळून पाहिली आहे, म्हणून बोलतो.

प्रथम हे समजून घेऊ या की संगणक तापतोच. तो तापणे हा रोग नव्हे. प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी सारी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. साधारण घरगुती संगणकाच्या प्रोसेसरवर ६५ वॅट हा आकडा आपल्याला आढळतो, आणि काही प्रोसेसर जोराचे काम करताना शंभर वॅटच्याही पुढे जातात. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा दिवा आठवा. पेटलेला असताना त्याला हात लावण्याची कोणाची छाती होती? तेवढीच उष्णता इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात निर्माण होते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरवर धातूचा साधा तुकडाही बसवलेला नव्हता. त्याची गरजच नव्हती. १९९३ साली पेंटियम आला, तो सुमारे १५ वॅट खाई, आणि त्याच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्या व पंखा बसवावा लागला. तेव्हापासून पंखा संगणकाच्या घरातला कायमचा माणूस झाला आहे.

आता ह्या उष्णतेची वाट पाहा. प्रोसेसरमधून ती त्याच्या धातूच्या झाकणात येते, तिथून मधल्या पातळ लेपातून, ज्याला थर्मल पेस्ट म्हणतात, वरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत जाते. पट्ट्यांमधून पंख्याची हवा ती उचलते, पेटीच्या मागचा पंखा ती हवा बाहेर ढकलतो, आणि शेवटी ती आपल्या खोलीत येते. मोरीच्या नळासारखेच हे आहे. एका ठिकाणी तुंबले की मागे सगळीकडे पाणी साचते. पंखा ह्या वाटेचा एक टप्पा आहे, सारी वाट नव्हे. लेप सुकून भेगाळला असेल तर पंखा कितीही जोरात फिरवा, धातूपर्यंत उष्णता पोचलीच नाही तर हवा काय वाहून नेणार?

दुसरी गोष्ट, पंखा म्हणजे एअर कंडिशनर नव्हे. खोलीपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. काम तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातला फरक साधारण तेवढाच राहतो. डिसेंबरात खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ७० वर असेल, तर हा फरक ४५ चा झाला. आपल्या मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ४२ अंश असतील, तर तोच प्रोसेसर तेच काम करताना ८७ च्या आसपास जाणार. यंत्रात काही बिघडले नाही, ऋतू बदलला. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोचताच तो आपला वेग आपणच कमी करतो, म्हणजे संगणक मंद चालू लागतो. तरीही ताप वाढला तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र एकदम बंद होते. हे बंद होणे म्हणजे यंत्र मेले असे नव्हे, त्याने जीव वाचवला असे समजावे. थोडा वेळ थांबून सुरू केल्यावर ते चालले आणि पुन्हा काही मिनिटांनी बंद पडले, तर पहिला संशय तापाचा घ्या, मदरबोर्डचा नंतर.

मग पंख्याचा वेग कमी-जास्त करायचाच कशाला, कायम पुऱ्या वेगाने का फिरवू नये? ह्याचे उत्तर आवाजात आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि पंख्याला लागणारी वीज एक-अष्टमांशावर येते. म्हणजे थोडीशी हवा सोडली की मोठी शांतता मिळते. ज्या घरात एकाच खोलीत अभ्यास, स्वयंपाक आणि झोप चालते, तिथे ही शांतता चैन नव्हे. माझ्या पाहण्यातील अकरावीच्या एका विद्यार्थ्याने दादीची झोप मोडू नये म्हणून जानेवारीत पंखा अगदी मंद आणि कायम एकाच वेगावर ठेवला. हेतू किती चांगला! पण मे महिन्यात ती व्यवस्था तशीच राहिली आणि प्रवेशाचा अर्ज भरताना दुपारी दोन वाजता संगणक तीनदा बंद पडला. दुकानात दोन हजारांचा अंदाज मिळाला होता. प्रत्यक्षात एक पैसाही लागला नाही. पंखा पुन्हा तापमानाच्या हुकमाखाली दिला, एवढेच केले.

ही व्यवस्था कशी चालते? पंख्याला तीन तारा असतील तर दोन विजेच्या, आणि तिसरी तार पंखा किती फिरतो हे कळवते. प्रत्येक फेऱ्याला ती दोन ठोके पाठवते. अशा पंख्याचा वेग विजेचा दाब कमी करूनच उतरवता येतो. २००४ च्या सुमारास चार तारांची पद्धत रूढ होऊ लागली. तिच्यात पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद असा हुकूम जातो. चालू असण्याचा वाटा जेवढा अधिक, तेवढा वेग अधिक. त्यामुळे तो मंद वेगातही सहसा अडखळत नाही. आपल्या पंख्याला किती तारा आहेत हे पाहायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबली की बायोसचा पडदा येतो. तिथे हार्डवेअर मॉनिटर, स्मार्ट फॅन, क्यू-फॅन अशा नावांखाली तापमान व वेग यांचा आलेख सापडतो. गणितात आपण आलेखकागदावर बिंदू जोडतो, तेच इथे करायचे. माझ्या मते ४० अंशांना ३५ टक्के, ६० ला ५०, ७५ ला ८० आणि ८५ ला पुरा १०० टक्के, ही आपल्या हवामानात बरी मांडणी आहे. फार खाली उतरू नका. काही पंखे २० टक्क्यांखाली थांबूनच जातात. वेग बदलण्यास काही सेकंदांचा विलंब देण्याची सोय असेल तर ती घ्या, नाहीतर पंखा क्षणाक्षणाला घोंघावतो आणि शांत होतो, ते सतत आवाजापेक्षाही त्रासदायक. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या तयार यंत्रांत बहुधा असा आलेख नसतो. फार तर किमान वेग वाढवता येतो. तेवढा उन्हाळ्यापुरता वाढवून ठेवावा. ज्यांच्याकडे लिनक्स आहे, त्यांना एलएम-सेन्सर्स आणि फॅनकंट्रोल ही साधने फुकट मिळतात; पण नवशिक्यांनी बायोसवरच भागवावे.

अर्थात हे सारे करण्यापूर्वी घरात नजर टाका, कारण खरे तुंबणे तिथेच असते. संगणकाचे टेबल घेताना आपण सुबक कप्पा पाहतो, पेटी त्यात घालतो, आणि कप्प्याची पाठ प्लायवूडने बंद असते. मागच्या पंख्याने काढलेली गरम हवा पुढून पुन्हा आत! त्यावर माता-भगिनींनी हौसेने विणलेले आच्छादन. ते यंत्र बंद असताना जरूर घाला, धूळ अडते. चालू असताना मात्र काढून ठेवा. पेटी कप्प्यातून बाहेर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. फोडणीचा तेलकट धूर धुळीला चिकट करतो आणि पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. दर चार-सहा महिन्यांनी तार काढून, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, मग झाकण उघडून मऊ ब्रशाने व हातपंपाने धूळ काढावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, हवेने त्याला भिरभिरू देऊ नये. ओले फडके नको. विजेचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, कोणीही उघडू नये; तार काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज राहू शकते. कूलरने खोली थंड होते ती चांगलीच, पण त्याचा दमट झोत सरळ पेटीवर घेऊ नये. पट्ट्यांचा भाग एकदा उचलला तर जुना लेप पुसून नवा, वाटाण्याएवढा, लावल्याशिवाय तो परत बसवू नये. हे काम पहिल्यांदा जाणत्याच्या देखरेखीखाली करा.

विद्यार्थी मित्रहो, एक काम तुमच्याकडे देतो. सफाईपूर्वी आणि सफाईनंतर, यंत्र रिकामे असताना व पंधरा मिनिटे काम केल्यावर, तापमान आणि पंख्याचे फेरे एका कागदावर उतरवा. तरीही यंत्र बंद पडले तर अब्बांबरोबर तोच कागद घेऊन दुकानात जा. ताप ६० वर असतानाही ते बंद पडत असेल, तर दोष दुसरीकडे आहे हे दुकानदारालाही मान्य करावे लागेल, आणि नव्या पंख्याचे पैसे तुम्हाला कोणी मागणार नाही. फक्त प्रत्येक नोंदीपुढे खोलीचे तापमान लिहायला विसरू नका. ते नसेल तर जानेवारीचे आकडे मे महिन्यात उपयोगाचे नाहीत.