मोहाचा हंगाम, अस्वल आणि ट्रॅप कॅमेरा

मार्चअखेरीस विदर्भातील रानांत मोह गळू लागतो. रात्री गळलेली फुले पहाटेच वेचावी लागतात, आणि त्याच सुमारास अस्वलही त्याच झाडाखाली असते. मेळघाट, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य, चंद्रपूर व गोंदियाचा वनप्रदेश या सर्व भागांत हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. अस्वल माणसाची शिकार करीत नाही. त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असले, तरी दृष्टी अधू असते. खाण्यात गढले असता माणूस अगदी निकट आल्यावरच ते दचकते व अंगावर धावून येते.

हिमालयातील काळ्या अस्वलाप्रमाणे आपल्याकडील अस्वल शीतनिद्रा घेत नाही. मादी मात्र हिवाळ्यात गुहेत पिले देते आणि पुढे त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. मोहाचे दिवस हे नेमके त्याच सुमाराचे. मोहानंतर तेंदूची व जांभळाची फळे येतात. फळे सरली की मुख्य आहार वाळवी व मुंग्या यांचा. खाद्य बदलले की अस्वलाच्या वाटाही बदलतात.

या वाटांची नोंद ट्रॅप कॅमेरा करू शकतो. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लावून सुमारे 3 कोटी 48 लाख छायाचित्रे घेण्यात आली. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. काळ्याभोर अस्वलाचे तसे नाही. छातीवरील पांढरी खूण दिसली तर दिसली! म्हणून या छायाचित्रांवरून अस्वलांची संख्या सांगण्याची घाई करू नये. परंतु प्रत्येक छायाचित्रावर दिनांक व वेळ असते, आणि गावाच्या दृष्टीने तीच मोलाची. मोहाखालून अस्वल पहाटे किती वाजता परतते, हे कळले तर वेचणीस केव्हा निघावे हे ग्रामसभेला ठरविता येईल. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केलेलाच आहे.

काही पथ्ये मात्र पाळावयास हवीत. कॅमेरा हालत्या उष्णतेवर चालतो. मे महिन्याच्या दुपारी भोवतालची जमीनच तापलेली असल्याने एखादे जनावर त्यातून निसटू शकते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकले, तर सारी नोंद व्यर्थ. वेचणीस आलेल्या स्त्रियांचीही छायाचित्रे त्यात येतात. ती कोणास दाखवू नयेत, काढून टाकावीत. शिवाय मोहाचा बहर काही आठवड्यांचाच असतो. त्या काळात कार्ड आठवड्यास एकदा तरी तपासून आढळलेल्या वेळा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहाव्या लागतील. पावसाळ्यात सादर झालेला अहवाल त्या हंगामातील वेचणाऱ्यांच्या उपयोगी पडणार नाही.