उंच इमारत आणि दोन मिनिटांचे इंग्रजी

(परदेशी शिक्षण व सेवेसाठी जाऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उच्च शिक्षणासाठी अथवा सेवेसाठी परदेशी जाण्याची उमेद बाळगणाऱ्या तरुण-तरुणींच्या वाटेत इंग्रजी भाषेच्या परीक्षेचा एक उंबरठा असतो. 1989 साली सुरू झालेली आयईएलटीएस ही त्यांपैकी सर्वपरिचित परीक्षा होय. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे ही तिची चार अंगे. प्रत्येक अंगाला शून्य ते नऊ अशी श्रेणी मिळते आणि हा निकाल सर्वसाधारणपणे दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्यालाही प्रथम परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवावा लागतो, आणि इंग्रजीतून शिकविणारी बहुतेक विद्यापीठे भाषेवरील प्रभुत्वाचा पुरावा मागतात. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करताना या परीक्षेचा मार्ग निवडणाऱ्यांना संभाषणात 7 ही श्रेणी आवश्यक असते. अर्ध्या श्रेणीने संधी हुकली, तर पुन्हा शुल्क, पुन्हा तयारी आणि पुन्हा प्रतीक्षा. ज्या घराने कर्ज काढून मुलीला परिचर्येचे शिक्षण दिले, त्या घराला ही अर्धी श्रेणी फार महाग पडते.

मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराला लेखी भागापेक्षा संभाषणाचे भय अधिक वाटते. परीक्षक समोर बसलेला असतो आणि बोललेला शब्द खोडता येत नाही. या भयापोटी अनेक उमेदवार उत्तरे तोंडपाठ करण्याचा मार्ग धरतात. हा मार्ग त्यांना इष्ट स्थळी का नेत नाही, आणि त्याऐवजी कोणता सराव हितकारक ठरतो, याचा विचार एकाच प्रश्नाच्या आधारे करता येईल. तो प्रश्न आहे उंच इमारतीविषयीचा.

परीक्षेचे स्वरूप

संभाषणाची परीक्षा 11 ते 14 मिनिटे चालते. पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी यांविषयी साधे प्रश्न येतात. दुसऱ्या भागात उमेदवाराच्या हाती एक पत्रिका दिली जाते. आपल्याला आवडणाऱ्या वा न आवडणाऱ्या एका उंच इमारतीचे वर्णन करा. ती कोठे आहे, कशी दिसते, तिचा उपयोग काय आणि ती आपल्याला का आवडते अथवा आवडत नाही, हे सांगा, अशा आशयाचा विषय तीवर असतो. विचारासाठी एक मिनिट मिळते, टिपणासाठी कागद व पेन्सिल मिळते आणि त्यानंतर एक ते दोन मिनिटे सलग बोलावयाचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अनुषंगाने व्यापक चर्चा होते. शहरांत उंच इमारती का वाढतात, तेथे राहण्याचे लाभ-तोटे कोणते, जुन्या वास्तू जपाव्यात काय, असे प्रश्न तेथे येतात.

गुणदान चार कसोट्यांवर होते आणि चारींना सारखेच वजन असते. बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाची विविधता व अचूकता आणि उच्चार या त्या कसोट्या. उमेदवाराचे मत बरोबर की चूक, इमारतीची उंची त्याने अचूक सांगितली की नाही, याला गुण नसतात. इंग्रजी माणसासारखा स्वर काढण्याचीही अपेक्षा नसते. उच्चार ऐकणाऱ्याला सहज कळावेत एवढेच पाहिले जाते. हे एकदा ध्यानात आले की मनावरील अर्धा भार उतरतो.

पाठ केलेल्या उत्तराचे वैगुण्य

समजा, एखाद्या तालुक्याच्या गावच्या उमेदवाराने दुबईच्या बुर्ज खलिफावर उत्तर पाठ केले आहे. उंची 828 मीटर, उद्घाटन 2010 साली, हे सारे तो बिनचूक सांगतो. पण त्याने ती इमारत पाहिलेली नाही. आतून ती कशी वाटते, एवढा एकच प्रश्न परीक्षकाने विचारला की ओघ तुटतो. शिवाय पाठ केलेल्या वाक्यांची लय निराळी असते. पहिल्या भागात अडखळत बोलणारा उमेदवार दुसऱ्या भागात एकाएकी अलंकारिक इंग्रजी बोलू लागला, तर अनुभवी परीक्षकाच्या ते तत्काळ लक्षात येते आणि अशा पाठांतराचे श्रेय मिळत नाही.

यातील आणखी एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्याजोगा आहे. बोलताना प्रत्येकजण थांबतो. परंतु काय सांगावे याचा विचार करण्यासाठी थांबणे वेगळे आणि शब्द सापडत नाही म्हणून थांबणे वेगळे. पहिल्या प्रकारचा विराम उच्च श्रेणीच्या वक्त्यालाही क्षम्य असतो. पाठ केलेले वाक्य विसरलेला उमेदवार मात्र या दोहोंपेक्षा बिकट अवस्थेत सापडतो, कारण त्याच्यापाशी विचारही नसतो आणि शब्दही नसतो.

इमारतीची निवड

म्हणून इमारत पाहिलेली असावी, हा पहिला नियम. ती जगातील सर्वांत उंच असण्याची आवश्यकता नाही. मुंबईच्या विद्यार्थ्याला राजाबाई टॉवर पुरेसा आहे. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेला हा मनोरा 1878 साली पूर्ण झाला. उंची सुमारे 280 फूट. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि मातोश्रींचे नाव मनोऱ्याला लाभले. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा एक भाग म्हणून 2018 साली तो जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. घड्याळ, कमानी, ग्रंथालयातील रंगीत काचा आणि आतील चक्राकार जिना, एवढ्या सामग्रीवर दोन मिनिटे सहज भरतात.

आधुनिक इमारत हवी असेल, तर कंबाला हिलवरील चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही 1983 साली पूर्ण झालेली 28 मजली इमारत आहे. मुंबईत पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, पण तिकडूनच पावसाचा मारा व दुपारचे ऊन येते. जुन्या बंगल्यांना यासाठी व्हरांडा असे. कोरिया यांनी तीच युक्ती उंचावर नेली आणि सदनिकांना दोन मजली उंचीच्या बागेसारख्या खोल गच्च्या दिल्या. ही इमारत का आवडते, या प्रश्नाचे उत्तर तिच्या रचनेतच मिळते.

छत्रपती संभाजीनगरकडील विद्यार्थ्याने दौलताबादच्या किल्ल्यातील चांद मिनार निवडावा. पंधराव्या शतकातील हा मनोरा दोनशे फुटांहून उंच आहे. आणि ज्याने यांपैकी काहीच पाहिले नाही, त्याने जिल्ह्याच्या ठिकाणचे बहुमजली रुग्णालय निवडले तरी चालेल. आजीला भेटण्यासाठी सहाव्या मजल्यावर जाताना लिफ्टपुढे लागलेली रांग ज्याने अनुभवली, त्याच्या उत्तरात जिवंतपणा आपोआप उतरतो. न आवडणारी इमारतही सांगता येते, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

मराठी मनाला पडणारे पेच

आता भाषेकडे वळू. मराठीत डोंगरही उंच आणि इमारतही उंच. इंग्रजीत डोंगराला बहुधा हाय म्हणतात. इमारत, मनोरा, झाड व माणूस मात्र टॉल असतो. मराठीत विशेषणाचे रूप न बदलता तुलना होते. त्याहून उंच, सर्वांत उंच असे आपण म्हणतो. इंग्रजीत टॉलर, टॉलेस्ट अशी रूपे होतात. अधिक या अर्थाचा मोअर हा शब्द त्यांच्यापुढे पुन्हा जोडण्याची चूक सर्रास होते, ती टाळावी. मराठीत ए आणि द यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात. इमारतीचा प्रथम उल्लेख करताना ए टॉल बिल्डिंग आणि पुढे तिच्याविषयीच बोलताना द बिल्डिंग, एवढा साधा नियम पाळला तरी अचूकता वाढते.

मनोरा बांधला गेला, हे सांगताना वॉझ बिल्ट असे म्हणावे लागते. त्यातील वॉझ अनेकांच्या तोंडून निसटतो. इमारतीला 28 मजले आहेत, हे सांगताना इज हॅविंग अशी आपल्याकडे रूढ झालेली रचना न करता हॅज एवढेच म्हणावे. हाइट या शब्दाच्या शेवटी ट आहे, थ नाही. आर्किटेक्चरमधील दुसरे अक्षर क च्या उच्चाराचे, च च्या नव्हे, आणि आघात पहिल्या अवयवावर येतो.

काही ठिकाणी मराठी साहाय्यालाही येते. तळमजला आणि त्यावरचा पहिला मजला ही आपली गणना ब्रिटिश इंग्रजीशी तंतोतंत जुळते. अमेरिकेत मात्र जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला म्हणतात. दहाव्या मजल्यावर यातील वर आणि इंग्रजीतील ऑन यांचाही मेळ बसतो. शब्दांची गंमतही पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे अशी इमारत गगनचुंबी असते, म्हणजे आकाशाचे चुंबन घेते. इंग्रजीतील स्कायस्क्रेपर आकाश खरवडते. ही गोष्ट साध्या इंग्रजीत सांगणारा उमेदवार परीक्षकाच्या निश्चित स्मरणात राहील.

सरावाची पद्धत

दुसऱ्या भागाच्या सरावासाठी घड्याळ व भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रण एवढी साधने पुरतात. एका मिनिटात पूर्ण वाक्ये लिहू नयेत. पत्रिकेवरील चार मुद्द्यांपुढे दोन-दोन शब्द लिहावेत. राजाबाई टॉवरच्या बाबतीत ते असे असू शकतील: ओव्हल मैदान, रेल्वेने येताना; दगड, घड्याळ; विद्यापीठ, ग्रंथालय; पहिली भेट, वडिलांसोबत. टिपणे इंग्रजीतच करण्याची सवय ठेवावी, म्हणजे बोलताना भाषांतराचा खटाटोप उरत नाही. नंतर दोन मिनिटे न थांबता बोलावे.

ध्वनिमुद्रण ऐकून स्वतःचे बोलणे जसेच्या तसे कागदावर उतरवावे. हे काम कंटाळवाणे खरे, पण चुका डोळ्यांना दिसू लागतात. एका वेळी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करावी. आज उपपदे, उद्या भूतकाळ. मग कागद बाजूला ठेवून त्याच इमारतीवर पुन्हा बोलावे. वाक्ये दर वेळी वेगळी आली तरी बिघडत नाही; तसे होणे हेच सराव फळास येत असल्याचे लक्षण होय. तिसऱ्या दिवशी मित्राने मध्येच एक अनपेक्षित प्रश्न विचारावा. गावात इंग्रजी बोलणारे कोणी नसले, तरी दोन उमेदवारांनी एकमेकांचे परीक्षक होण्यास कोणाची हरकत नसते.

चर्चेचा भाग

तिसऱ्या भागात आपल्या अनुभवापलीकडे जावे लागते. तेथे मत, कारण, उदाहरण आणि दुसरी बाजू हा क्रम उपयोगी पडतो. इमारती उंच का होतात, असे विचारल्यास मुंबईचे उदाहरण देता येते. तीन बाजूंना पाणी, चिंचोळी जमीन आणि कामासाठी दक्षिणेकडे लोटणारी माणसे. यंत्रांचाही यात वाटा आहे. एलिशा ओटिस यांनी 1850 नंतरच्या दशकात दोर तुटला तरी न कोसळणारी लिफ्ट सिद्ध केली, म्हणून वरच्या मजल्यांवर माणसे राहू लागली. ढाक्यात शिकलेले अभियंते फझलूर रहमान खान यांनी नळीसारख्या बाह्य सांगाड्याची रचना विकसित केली आणि शिकागोचा 442 मीटर उंचीचा सिअर्स टॉवर, म्हणजे आजचा विलिस टॉवर, उभा राहिला.

लाभ-तोट्यांसाठी वरळीच्या बीडीडी चाळींसारखे दुसरे उदाहरण नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या या चाळींत 160 चौरस फुटांच्या खोल्यांत संसार झाले. पुनर्विकासानंतर 14 ऑगस्ट 2025 रोजी 556 रहिवाशांना उत्तुंग इमारतींतील 500 चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या देण्यात आल्या. स्वतंत्र स्वच्छतागृह आणि मुलांना अभ्यासाची जागा हा लाभ. लिफ्टवरील अवलंबन, देखभालीचा खर्च आणि सामायिक गॅलरीतील शेजार विरळ होण्याची भीती ही दुसरी बाजू. वरळीत वाढलेल्या मुलीला हे कोणत्याही मार्गदर्शिकेतून वाचावे लागणार नाही. तिला हवे आहे ते एवढेच, की घरी मराठीत जे ती तावातावाने बोलते, ते साध्या इंग्रजीत मांडण्याचे धैर्य.

प्रश्न कळला नाही, तर तो पुन्हा विचारण्याची विनंती नि:संकोचपणे करावी; त्याने उमेदवाराचे मोल कमी होत नाही. एखादा शब्द आठवला नाही, तर त्याचा अर्थ दुसऱ्या शब्दांत सांगावा. असे करता येणे हे भाषेवरील प्रभुत्वाचेच गमक मानले जाते. परीक्षेला अजून काही आठवडे असतील, तर आजच घराबाहेर पडून एखादी उंच इमारत निवडावी, तिच्याभोवती एक फेरी मारावी, ती कशाची बांधली आहे, तेथे कोण येतात-जातात, सकाळी व सायंकाळी ती कशी दिसते, हे पाहावे आणि घरी परतेपर्यंत ते मनातल्या मनात इंग्रजीत सांगत यावे.